माटोळीचं वजन: फोंड्यातल्या एका फ्लॅटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 च्या चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं. माणसं खरी, नावं आणि मजले बदललेले. मी त्याच इमारतीत राहतो. पोटापाण्याला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. या सगळ्यात एक चूक माझीही आहे, ती तिच्या जागी येईलच.

कुटुंबाचं मूळ घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. मागे कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग, माजघरात गणपतीची जागा आणि वर तुळयांना आजोबांच्या काळात ठोकलेल्या चार लोखंडी कड्या. दर चवथीला त्या कड्यांना माटोळी टांगायची. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर आडवी टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड (घोस), केळ्यांचा घड, सुपारीची शिपटी (झुपके), कोहळा, चिबूड, तोरिंजन, कवंडळ असा रानाकुळागरातला सगळा ऐवज बांधतात. मखर साधं असलं तरी चालतं, पण माटोळी नसली तर आमच्याकडे चवथ झाल्यासारखी वाटत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात मूळ घराची कौलं उतरवली तेव्हा दोन तुळयांना आतून वाळवी लागलेली निघाली. पावसाआधी काम पुरं होणार नव्हतं, अर्धं घर ताडपत्रीखाली गेलं. भटजींना विचारून ठरलं की या वर्षी गणपती धाकट्याच्या फ्लॅटमध्ये आणायचा. धाकट्याला आपण बाबू म्हणू. वय एक्केचाळीस, नोकरी कुंडईच्या एका कारखान्यात हिशेबाची. हाताला हौस आहे. नळाचा वायसर, दाराची बिजागरी, स्वयंपाकघरातली फळी, असली कामं तो कुणाला बोलावून करत नाही. थोरले ते भाई, गावातच असतात.

इमारत 1998 ची, तळमजल्यावर तीन मजले, लिफ्ट नाही. खांब, बीम आणि स्लॅब आरसीसीचे, मधल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. मेंटेनन्स सोसायटी आहे, पण इमारतीचे नकाशे किंवा स्लॅबमधून वायरिंग कुठून कसं गेलंय याचा कागद आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

अडचण

मूळ घरातली माटोळीची चौकट पाच फूट बाय तीन फूट, सागवानी. बाबूच्या आईंची अट एकच होती: "गणपती हलला म्हणून माटोळी ल्हान करायची नाही." फ्लॅटच्या हॉलमध्ये वर टांगायला होता फक्त पंख्याचा हूक. चवथ 7 सप्टेंबरला, शनिवारी. बाबूने कामाला हात घातला तो ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. पाच आठवडे हातात होते, म्हणजे घाई नव्हती. पुढे जे झालं ते घाईमुळे झालं नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सगळ्यांनी तेच कारण पुढे केलं.

पहिला प्रयत्न

बाबूचा बेत सरळ होता. स्लॅबला चार भोकं पाडायची, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकायच्या, त्यात स्क्रूचे हूक पिळायचे. पडद्याचा रॉड त्याने असाच बसवला होता आणि तो सहा वर्षं जागचा हलला नव्हता. कारखान्यातल्या मित्राकडून हॅमर ड्रिल आणलं. डोक्यावर धूळ पडू नये म्हणून नारळाची डोळ्याकडची करवंटी घेतली, एक डोळा मोठा केला आणि त्यातून बिट ओवलं. करवंटी स्लॅबला टेकली की सगळी पूड तिच्यात जमते. ही युक्ती मी नंतर साइटवर उचलली.

पहिलं भोक ठीक झालं. गिट्टी, हूक, लोंबकळून बघितलं, हलला नाही. दुसरं भोक पंख्यापासून दोन फुटांवर, दरवाज्याच्या बाजूला. साधारण दीड इंच आत गेल्यावर बिट एकदम सैल पडलं. करवंटीत करड्या पुडीवर पांढऱ्या प्लास्टिकचा कीस दिसला, बडीशेपेच्या दाण्याएवढे तुकडे. बाबू म्हणतो, तो कीस त्याला दिसला होता. तरी बोट आणखी दोन सेकंद बटणावरच राहिलं. फट् असा आवाज झाला आणि हॉलचा दिवा, पंखा दोन्ही गेले. ड्रिल मात्र फिरतच होतं, कारण ते बेडरूमच्या सॉकेटला लावलेलं होतं आणि त्याची लाइन वेगळी.

स्टूल लाकडी होतं, ड्रिलचं अंग दुहेरी इन्सुलेशनचं होतं, एमसीबीने, म्हणजे लाइन आपोआप तोडणाऱ्या स्विचने, आपलं काम केलं. इजा कुणालाच झाली नाही. इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला. स्लॅबमधल्या पीव्हीसी पाइपला भोक पडलं होतं आणि आतली एक वायर निम्मी कापली होती. त्याने लाइन बंद करून जुन्या वायरी ओढून काढल्या, स्प्रिंग घालून नव्या घातल्या आणि आठशे रुपये घेतले. पाइप चेपला नव्हता म्हणून एवढ्यावर भागलं. चेपला असता तर नवी वायर स्लॅबच्या खालून उघडी पट्टी मारून न्यावी लागली असती.

आणखी एक गोष्ट झाली. ड्रिल चाललं रविवारी दुपारी सव्वादोनला. वरच्या मजल्यावरच्या काकी नुकत्याच मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्या, पडून होत्या. त्यांच्या मुलाने खाली येऊन जे सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. बाबूची बाजू अशी की स्वतःच्या घराच्या छताला भोक पाडायला कुणाला विचारायचं? पण आपलं छत हीच वरच्याची जमीन. दगड-काँक्रीटमधून आवाज कसा जातो हे ज्याने वरचा माणूस ड्रिल करताना खाली झोपायचा प्रयत्न केलाय त्याला माहीत आहे.

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा

सोमवारी रात्री बाबू माझ्याकडे आला. प्रश्न होता, "गिट्टी सोडून दुसरं काय मारू?" मी जागच्या जागी म्हटलं, "अँकर फास्टनर मार, चार नग, एम8." म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे आठ मिलिमीटरचे लोखंडी बोल्ट. साइटवर आम्ही डक्ट, पाइप, केबल ट्रे सगळं त्यावरच टांगतो. सवयीने तोंडातून गेलं. वजन किती हे मी विचारलंच नाही. माझी चूक ती हीच. पुढचे चार दिवस आम्ही दोघं अँकरच्या मापावर बोलत बसलो आणि टांगायचं काय आहे हा मुद्दा तसाच राहिला.

तो विचारला आईंनी, आणि तोही वेगळ्याच कारणाने. त्यांना बाजारातून काय आणायचं आणि कुळागरातून काय यायचं याची यादी हवी होती. यादी होताना भाई फोनवर म्हणाले की या वर्षी केळीचा घड मोठा आहे, एकट्याने उचलत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

भाईंकडे सुपारी मोजायचा हुकाचा काटा आहे. त्यांनी दोन दिवसांत सगळं तोलून कळवलं. रिकामी चौकट 9 किलो. केळ्यांचा घड 13. नारळाची पेंड 9. कोहळा साडेसहा. सुपारीची शिपटी मिळून 4. बाकी चिबूड, तोरिंजन, काकडी, दोडकी, रानफळं धरून 6. बेरीज साडेसत्तेचाळीस किलो. बाबूचा अंदाज होता वीस. माझा पंचवीस.

त्यात आणखी एक गोम. वजन चार टोकांना सारखं पडत नाही. भाईंच्या घरची रीत अशी की केळ्यांचा घड आणि कोहळा पुढच्या उजव्या कोपऱ्यात, एकमेकांशेजारी. म्हणजे एका कडीवरच वीस किलोच्या वर. पहिल्या भोकातल्या गिट्टीवर आम्ही काटा अडकवून पाण्याचा वीस लिटरचा कॅन टांगला. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, घरात यापेक्षा सोयीचं माप नाही. संध्याकाळी सातला टांगला, साडेनऊला हूक चार मिलिमीटर खाली आला होता. धक्का नाही, आवाज नाही, नुसता सरकत होता. बाबू लोंबकळला तेव्हा जे दिसलं नाही ते अडीच तासांनी दिसलं. पडद्याच्या रॉडला वजन आडवं येतं, गिट्टी भिंतीत चेपली जाते. छतातून खाली ओढणारं, दिवस-रात्र थांबणारं वजन ही दुसरीच जात आहे.

पर्याय

मग आम्ही कागद घेऊन बसलो.

अँकर फास्टनर. याचं आकर्षण मला शेवटपर्यंत होतं. पण अँकर धरतो तो सशक्त काँक्रीटमध्ये. वरचं प्लास्टर हिशेबात धरायचं नसतं, आणि पाकिटावरचे आकडे तडे नसलेल्या चांगल्या काँक्रीटचे असतात. आम्ही हातोडीच्या दांड्याने सगळा स्लॅब ठोकत गेलो. तीन कोपरे खणखणीत. चौथ्यात, जिथे वरच्या फ्लॅटची न्हाणी येते, आवाज आला पोकळ, मडक्यासारखा. बोटाने दाबल्यावर ताटाएवढा पोपडा सुटला आणि आत सळई दिसली, तांबूस, कडेने पापुद्रे आलेली. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या परिस्थितीतही स्लॅबच्या सळईखाली सहसा 20 मिलिमीटर काँक्रीट हवं. इथे बोटाच्या पेरानं मोजलं तर दहासुद्धा नव्हतं. वरून वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी, त्यात गंजून फुगलेली सळई. अशा जागी अँकर ठोकला की तो फुगताना उरलेलं काँक्रीटही फोडतो. केळ्यांचा कोपरा नेमका हाच.

केमिकल अँकर, म्हणजे भोकात इपॉक्सी भरून दांडा बसवायचा. दुकानदाराने हे सुचवलं. मी नको म्हटलं. 2006 साली बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल एका गाडीवर कोसळले आणि एक बाई गेली. तपासात निघालं ते हेच, की वापरलेली इपॉक्सी कायमच्या टांगत्या वजनाखाली हळूहळू सरकत गेली. सगळ्या इपॉक्सी तशा नसतात, हे खरं. पण कुठली कशी हे फोंड्याच्या बाजारात पाकीट हातात धरून मला ओळखता येत नाही.

पंख्याचा हूक. तो सळयांना बांधलेला असतो, छताला टांगायच्या पर्यायांत सगळ्यात भक्कम. पण एकच बिंदू. पाच फुटांची चौकट एका दोरीवर टांगली की वजन बांधता बांधता ती तराजूसारखी कलंडणार.

भिंतीपासून भिंतीपर्यंत पाइप, दोन्हीकडे ब्रॅकेट. हा बाबूचा आवडता. आम्ही चिऱ्यात एक भोक मारून बघितलं. लाल पूड भरभर आली, बिट डगमगलं, भोक नरसाळ्यासारखं झालं. गिट्टी बोटाने फिरत होती. चिरा भार दाबून घेतो, त्यावर घरं उभी आहेत. त्यात खिळा-स्क्रू पकड धरेलच असं नाही, एकाच दगडात चार बोटांवर घट्टही लागतो आणि भुसभुशीतही.

जमिनीवर उभी चौकट. चार पाय, वर आडवे पाइप, त्यांना माटोळी. मंडपवाल्याकडे भाड्याने मिळते, पण चवथीच्या आधी त्यांच्याकडचा एकेक पाइप महिनाभर आधी गेलेला असतो. शिवाय दिसायला बरी नाही असं वहिनींचं म्हणणं. त्यात तथ्य होतं.

माटोळी लहान करणं हा सहावा पर्याय. तो आईंसमोर मांडायला कुणी तयार झालं नाही.

निर्णय

उभी चौकट ठरली. अँकर नाकारायचं कारण गंजलेला कोपरा हे होतंच. पण तो कोपरा चांगला असता तरी काय केलं असतं, यावर बाबू आणि मी अजून भांडतो. मी म्हणतो, चार ठिकाणी चाचणी करून अँकर मारता आले असते. तो म्हणतो, दीड दिवसाच्या गणपतीसाठी छताला कायमची भोकं कशाला, आणि खाली बसलेली असतात पोरं. या वादात मला हल्ली त्याचंच म्हणणं पटायला लागलंय, पण त्याला ते सांगितलेलं नाही.

काम

वरच्या बाजारातल्या एका फॅब्रिकेटरने एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप कापून दिले. सहा मीटरच्या तीन नळ्या पुरल्या. जिना अरुंद, म्हणून वेल्डिंग फक्त पायांच्या पत्र्यांना आणि पाइपांच्या टोकांच्या पट्ट्यांना, बाकी जोड नटबोल्टचे. पायाखाली चार इंची चौकोनी पत्रे आणि त्यांच्या खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, टाइल खरवडू नये म्हणून. वरच्या कोपऱ्यांत तिरके आधार मी आग्रहाने घालायला लावले. सरळ खाली येणाऱ्या वजनाला बारीक पाइपसुद्धा पुरतो, पण आरतीच्या वेळी कुणाचा धक्का लागला की चौकट पत्त्यांच्या घरासारखी एका बाजूला झुकते. तिरका तुकडा तेवढ्यासाठी. एकूण खर्च सहा हजार दोनशे.

पहिल्यांदा उभी केली तेव्हा एक पाय अधांतरी. हॉलची जमीन बाल्कनीकडे उतरती आहे हे तिथे सव्वीस वर्षं राहून कुणाला कळलं नव्हतं. प्लायवूडचा तुकडा सरकवला.

मग वजनाची परीक्षा. खऱ्या वजनाच्या दुप्पट टांगायचं ठरवलं: वीस लिटरचे पाच कॅन, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. खाली गाद्या, दार बंद, पोरांना भाईंकडे पाठवलेलं. पायांभोवती टाइलवर पेन्सिलच्या खुणा, दोरीच्या उंचीची खूण पाइपवर. सकाळी बघितलं तर चौकट जागच्या जागी, पण नायलॉनची दोरी दोन इंच लांबलेली. ती काढून साखळी घातली. फळं मात्र भाईंनी केवणीच्या दोरांनीच बांधली. त्याला कुणाची हरकत नव्हती, एकेका फळाचं वजन ते काय.

पंखा उतरवून ठेवला. तो ठेवायचाच होता, पण चौकट उभी केल्यावर पाती आणि चौकट यांच्यात वीतभर अंतर उरतं हे दिसलं, म्हणून वाद न होता उतरला.

चवथीचे दिवस

पाइपांना वहिनींनी आंब्याचे टाळे आणि हरणाची फुलं बांधली. पाहुण्यांपैकी निम्म्यांना ते पाइप आहेत हे कळलंच नाही. पहिल्या रात्रीच्या आरतीत भाईंच्या जावयाने टाळ वाजवता वाजवता पुढच्या खांबाला पाठ टेकली. माटोळी हलली, सुपारीचं एक शिपटं झुललं, आईंनी "अरे सांबाळ मरे" म्हणून हात वर केला. तिरक्यांनी धरलं. त्यानंतर बाबूने दोन्ही पुढच्या खांबांपुढे समया ठेवल्या, म्हणजे कुणी टेकणार नाही. समईची ज्योत लोंबत्या पानांपासून किती लांब आहे हे मी दोनदा जाऊन बघितलं.

रविवारी संध्याकाळी विसर्जन झालं. वरच्या काकी काळा चष्मा लावून आरतीला आल्या होत्या. त्यांच्या न्हाणीतल्या ट्रॅपभोवतीची गळती नोव्हेंबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, काढली. बाबूच्या कोपऱ्यातली सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरून घेतली. ते काम बाबूने स्वतः केलं नाही, आणि ते बरोबरच केलं. खर्चाची वाटणी कशी करायची यावर सोसायटीच्या दोन बैठका झाल्या, त्यांचा तपशील कंटाळवाणा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी काटा. भाईंना पहिल्याच दिवशी फोन केला असता तर गिट्टी, भोक, कापलेली वायर, काकींची झोप, यातलं काही झालं नसतं.

वायरिंगचा कागद नसला तरी अंदाज बांधता येतो. पंख्याच्या खोक्यापासून स्विचबोर्डाच्या वरच्या भिंतीपर्यंत आणि एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत मनात सरळ रेषा ओढायची, दोन्ही बाजूंनी वीतभर जागा सोडायची, तिथे हात लावायचा नाही. बाबूचं दुसरं भोक पंखा आणि दरवाज्याजवळचा बोर्ड यांच्या बरोबर मधोमध होतं. ज्या भागात भोक पाडायचं तिथल्या लाइनी बंद करून ड्रिल बॅटरीचं वापरायचं. तेही नसेल तर शेजाऱ्याकडून वायर ओढायची, म्हणजे शेजाऱ्याला आपोआप कळवलंही जातं. आणि पुडीचा रंग बदलला की बोट उचलायचं. मी साइटवरच्या पोरांना हे सांगतो तेव्हा करवंटीतला तो कीस डोळ्यांपुढे येतो.

हातोडीने ठोकून बघायला पाच मिनिटं लागतात. ते आम्ही तिसऱ्या आठवड्यात केलं. पहिल्या रविवारी केलं असतं तर स्लॅबचा विचारच संपला असता.

माझ्यापुरतं सांगायचं तर "काय मारू" असं विचारणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही, उलट विचारतो. अवघड आहे. अनुभव असला की उत्तर आधी बाहेर पडतं.

एक गोष्ट मात्र आम्ही उगाच केली असं मला वाटत नाही, बाबूला वाटतं: दुप्पट वजनाची परीक्षा. शंभर लिटर पाणी दुसऱ्या मजल्यावर भरून, टांगून, उतरवून, परत ओतण्यात त्याची कंबर धरली.

2025 ची चवथ 27 ऑगस्टला होती. मूळ घराचं छप्पर तोवर झालं, गणपती सत्तरीला परत गेला. बाबूची चौकट गच्चीवर गेली, तिच्यावर चार बिऱ्हाडांचे कपडे वाळतात. चवथीच्या आठवडाभर आधी भाईंचा मला फोन आला. सुताराने नव्या तुळया बसवल्या होत्या आणि कड्या कुठे ठोकू म्हणून विचारत होता. भाई म्हणाले, "तुळई जाड आहे, कुठेही ठोकू दे, नाही?" मी विचारलं, "केळ्यांचा घड यंदा किती किलोचा आहे?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाई म्हणाले, "थांब, काटा कुठे ठेवलाय बघतो."